सहीचं रजिस्टर दारात आलं तर

प्रश्न : आमच्या गावात अकराशे मतदार आहेत. महिला ग्रामसभेचं रजिस्टर शिपाई घरोघरी फिरवतो आणि आम्ही हातातलं काम टाकून सही करतो. अंगणवाडीत पाण्याची टाकी नाही, पोरं घरून बाटल्या नेतात. यंदाच्या आराखड्यात मात्र वेशीवरची कमान आली. विचारलं तर म्हणाले, "ग्रामसभेत मंजूर आहे, तुमचीही सही आहे." आता काय करावं?
— एक वाचक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, मी अठ्ठावीस वर्षं ग्रामसेवक होतो. अशी रजिस्टरं माझ्या हाताखालूनही फिरली आहेत. ते चूक होतं, म्हणून पहिलं हेच सांगतो : घरी सही करू नका. ती सही म्हणजे तुम्ही सभेला हजर होता असा लेखी पुरावा होतो.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती 15 टक्के मतदारांची किंवा 100 जणांची, यातली जी कमी असेल ती. तुमच्याकडे 15 टक्के म्हणजे 165, म्हणून शंभर माणसं पुरतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. वर्षाचा आराखडा दहा-पंधरा माणसांत मंजूर होतो तो इथेच. तेव्हा सभा तहकूब झाली म्हणून घरी परतू नका, तिची तारीख-वेळ विचारूनच उठा.

महिलांची सभा मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. तिथे टाकीचा विषय लेखी द्या, ठराव लिहून घ्या आणि मुख्य सभेत तो मोठ्याने वाचायला लावा. पैसे नाहीत असं उत्तर आलं, तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते यंदा कुठे गेले हे विचारा. हा प्रश्न आला की दप्तर उघडावंच लागतं, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे.

एकट्याने मात्र जाऊ नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात मी दोन दिवस राहिलो होतो. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं हे गाव. तिथे सभेत निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडलेला असतो. तुम्हीही बचतगटाच्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढा. टाकी किती लिटरची, नळजोडणी कुठून, खर्चाचा अंदाज काय, एवढं कागदावर आणा. कमानीच्या अंदाजपत्रकाची प्रतही मागून घ्या, दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. कागद त्याआधी तयार ठेवा. ठरावाची प्रत हातात आली की मला जरूर कळवा, मिळाली नाही तरी कळवा.