स्टॅक ओव्हरफ्लोवर दोन वर्षं फिरकलो नाही, म्हणून रेप्युटेशन कमी झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर तुमचे ३,०५२ गुण (रेप्युटेशन) होते, दोन वर्षं तिकडे जाणं झालं नाही, आता खातं उघडलं तर ३,०१२ दिसतात. निष्क्रिय राहिल्याबद्दल ४० कापले का, असंच चालू राहिलं तर मिळालेले अधिकार जातील का, आणि परतायचं तर सुरुवात कुठून करायची?

गैरहजेरीबद्दल तिथे एकही गुण कापला जात नाही. दोन वर्षं राहू द्या, दहा वर्षं गेला नाहीत तरी नाही. तरीही आकडा हलतो, कारण तुम्ही नसलात तरी तुमची उत्तरं तिथेच असतात आणि लोक त्यांना मतं देत असतात. अपव्होटचे (पसंतीच्या मताचे) १०, प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर स्वीकारलं तर १५, डाउनव्होटचे (नापसंतीच्या मताचे) उणे २. हा हिशेब तुमच्या हजेरीवर अवलंबून नाही. शिवाय ४० ही फक्त शेवटची वजाबाकी आहे. मधल्या काळात १२० आले आणि १६० गेले असंही असू शकतं, म्हणून आधी खातेवही पाहा.

प्रोफाइलमधल्या ॲक्टिव्हिटीखाली रेप्युटेशनचा टॅब आहे. तिथे तारखेनुसार प्रत्येक नोंद दिसते. काढून टाकलेल्या पोस्ट दाखवण्याचा पर्याय चालू करायला विसरू नका. तो बंद असेल तर नेमकी गेलेली नोंदच दिसत नाही, बेरीज जुळत नाही आणि साइटने गुपचूप गुण खाल्ले असं वाटायला लागतं.

गुण जाण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे मत देणाऱ्याचं खातं रद्द होणं. सदस्याचं खातं काढलं की त्याने दिलेली मतंही सहसा जातात आणि तुमच्या वहीत ‘सदस्य काढला गेला’ अशा अर्थाची नोंद येते. त्याने तुम्हाला चार अपव्होट दिले असतील तर तेवढ्यानेच ४० गेले. यात तुमचा काही दोष नाही आणि दाद मागण्यासारखंही काही नाही.

दुसरं कारण, तुमचं उत्तर ज्या प्रश्नाखाली होतं तो प्रश्नच काढला जाणं. विषयाबाहेरचा म्हणून बंद झालेला प्रश्न पुढे अनुभवी सदस्यांच्या मतांनी काढून टाकला जातो आणि त्याखालची उत्तरंही जातात. इथे एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. पोस्ट किमान ६० दिवस दिसत राहिली असेल आणि तिचा स्कोअर (अपव्होट वजा डाउनव्होट) ३ किंवा जास्त असेल, तर ती काढल्यावरही तिचे गुण तुमच्याकडे राहतात. म्हणजे २ अपव्होट आणि स्वीकृतीची खूण असलेलं उत्तर गेलं तर ३५ गुण जातात, आणि ३ अपव्होटवालं जुनं उत्तर गेलं तर काहीच जात नाही. नियम योग्यच आहे. लोकांना खरोखर उपयोगी पडलेल्या कामाचं श्रेय मागाहून काढून घेऊ नये.

तिसरं कारण डाउनव्होट. याकडे मात्र नीट लक्ष द्या. दोन वर्षांत एकाच उत्तराला थोडे थोडे डाउनव्होट पडत गेले असतील, तर बहुधा ते उत्तर आता चालत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आता अधिकारांचं. तेही गैरहजेरीने जात नाहीत, ते फक्त आकड्याला बांधलेले आहेत. २,००० ला दुसऱ्याची पोस्ट कुणाच्या मंजुरीशिवाय सुधारता येते, ३,००० ला प्रश्न बंद करण्यासाठी किंवा पुन्हा उघडण्यासाठी मत देता येतं. आकडा रेषेखाली गेला की अधिकार त्या क्षणी जातो, वर आला की आपोआप परत मिळतो. तुम्ही ३,०१२ वर, म्हणजे अगदी काठावर आहात. कुणाच्या चुकीच्या उत्तराला तुम्ही डाउनव्होट दिला तर तुमचाही एक गुण जातो (प्रश्नाला दिला तर जात नाही). एखाद्या प्रश्नावर किमान रकमेची, ५० गुणांची बाउंटी (चांगल्या उत्तरासाठी स्वतःच्या गुणांतून दिलेलं बक्षीस) लावलीत, तर ते गुण लगेच वजा होतात आणि तुम्ही २,९६२ वर येता. बाउंटीचे गुण परत मिळत नाहीत, समाधानकारक उत्तर आलं नाही तरीही. आणि बाउंटी लावून पुन्हा गायब होऊ नका. सात दिवस आणि वरचा एक दिवस संपेपर्यंत तुम्ही ती कुणाला दिली नाहीत, तर बाउंटी लागल्यानंतर आलेल्या, किमान २ स्कोअर असलेल्या सर्वांत वरच्या उत्तराला अर्धीच रक्कम मिळते. राबलेल्या माणसाचं नुकसान होतं ते तुमच्या गैरहजेरीमुळे.

निष्क्रिय लोकांचे गुण हळूहळू उतरवत नेले तर, असं अनेकांना सुचतं. वरवर पटतंही, पण विचार केला तर ही कल्पना घातक आहे. याहू आन्सर्स या प्रश्नोत्तरांच्या सेवेत रोज लॉग इन केल्याचा १ गुण मिळायचा, कुठलंही उत्तर दिलं की २, सर्वोत्तम ठरलं तर १०, आणि प्रश्न विचारला की ५ जायचे. उत्तर चांगलं असो वा वाईट, २ ठरलेलेच. मग एका ओळीची, काहीही न सांगणारी उत्तरं टाकायला जणू बक्षीसच होतं. ४ मे २०२१ ला ती सेवा बंद झाली आणि सगळ्यांचे गुण तिच्याबरोबर गेले. गुण टिकवण्यासाठी हजेरी लावावी लागली, तर माणूस सांगण्यासारखं काही नसतानाही लिहितो. वर्षातून तीनच उत्तरं देणारा, पण ती तीन उत्तरं दुसरं कुणी देऊ शकणार नाही असा माणूस मग यादीत तळाला जातो.

हातात धोक्याची हत्यारं असतील तेव्हा गोष्ट वेगळी. विकिपीडियाच्या जागतिक धोरणानुसार, ज्या प्रचालकाने (ॲडमिनने) दोन वर्षांत एकही संपादन किंवा प्रचालकीय कृती केलेली नाही, त्याचे अधिकार समाजाला विचारून काढले जातात, कारण बेवारस खातं कुणाच्या हाती लागलं तर पानंच्या पानं पुसली जाऊ शकतात. ही शिक्षा नाही, वापरात नसलेल्या खोलीची किल्ली परत घेण्यासारखं आहे. ३,०१२ गुणांच्या खात्याला तसलं काही लागत नाही.

काळाचा परिणाम स्टॅक ओव्हरफ्लोने मान्य केला, पण तो उत्तरांच्या क्रमात. पूर्वी स्वीकारलेलं उत्तर कितीही जुनं झालं तरी सर्वांत वर चिकटून असायचं. २०२१ मध्ये तिथे ते बंद झालं. २०२२ मध्ये ‘ट्रेंडिंग’ हा क्रम आला, ज्यात ताज्या मतांना जास्त वजन आणि जुन्यांना कमी. म्हणजे माणसाची पत तशीच, आणि शिळं उत्तर खाली. माझ्या मते इतक्या वर्षांत त्यांनी घेतलेल्या चांगल्या निर्णयांपैकी हा एक.

म्हणून परतताना नवे प्रश्न शोधत बसू नका, आधी स्वतःची जुनी उत्तरं तपासा. सर्वांत जास्त स्कोअरची दहा-पंधरा काढा, कारण आजही लोक तीच उघडून त्यातला कोड उचलत असतात. एक ठरावीक उदाहरण घेऊ. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पांडाज लायब्ररीत डेटाफ्रेमला (डेटाच्या तक्त्याला) ओळी जोडण्यासाठी ‘अपेंड’ वापरा, असं सांगणारी हजारो उत्तरं आहेत. २०२२ च्या जानेवारीत, १.४ आवृत्तीत त्याबद्दल इशारा आला आणि २०२३ मध्ये २.० आवृत्तीतून ‘अपेंड’ काढूनच टाकलं. तो कोड आज चालवला तर थेट एरर येते. वाचणारा नवशिका असेल तर आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून तासभर डोकं आपटतो, जाणकार असेल तर डाउनव्होट देऊन पुढे जातो. तुमच्या डाउनव्होटमागे असलं काही आहे का ते पाहा.

दुरुस्ती करताना नवी पद्धत सर्वांत वर लिहा. या उदाहरणात ती ‘कॉनकॅट’: आधी सगळे तुकडे एका लिस्टमध्ये गोळा करायचे आणि लूप संपल्यावर एकदाच जोडायचे. लूपच्या आत दर फेरीला जोडत राहिलात तर प्रत्येक वेळी सगळा डेटा नव्याने कॉपी होतो आणि काही हजार ओळींतच कोड रखडतो. हे कारणही उत्तरात लिहा. जुना कोड पुसू नका, खाली ‘२.० पूर्वीच्या आवृत्तींसाठी’ असं लिहून ठेवा. जुन्या आवृत्तीवर अडकलेली ऑफिसं भरपूर आहेत. ‘अपडेट’ असा मथळा देऊन शेवटी शेपूट जोडू नका, वाचणारा तिथवर पोचत नाही. प्रत्येक कोड तुमच्या मशीनवर चालवूनच टाका आणि कोणत्या आवृत्तीवर तपासला ते लिहा.

संपादनामुळे गोठलेली मतं मोकळी होतात. मत दिल्यावर पाच मिनिटांनी ते बदलता येत नाही, पण पोस्ट सुधारली गेली की बदलता येतं, त्यामुळे डाउनव्होट देणारा तो मागे घेऊ शकतो. मात्र प्रत्येक संपादनाने तो प्रश्न ताज्या यादीत वर येतो. एका बैठकीत वीस उत्तरं सुधारलीत तर इतरांचे नवे प्रश्न खाली ढकलले जातात आणि लोक वैतागतात. दिवसाला तीन-चार पुरेत.

गुण पूर्वीच्या वेगाने मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तिथे नव्या प्रश्नांची संख्या खूपच घटली आहे. आणि डिसेंबर २०२२ पासून अशा यंत्राने लिहिलेली उत्तरं टाकायला तिथे बंदी आहे. जुनं उत्तर सुधारतानाही त्याच्याकडून मजकूर लिहून घेऊन चिकटवू नका, पोस्ट काढली जाते आणि खातं निलंबितही होऊ शकतं.

एक काम आजच करा. खातं जुन्या कंपनीच्या ईमेलवर काढलं असेल, तर आत शिरता येतंय तोवर सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा ईमेल आणि लॉग इनचा दुसरा मार्ग जोडून ठेवा. आत शिरता येत नसेल तर नवं खातं काढून जुन्या उत्तरांना तिथून अपव्होट देत बसू नका, तो गैरप्रकार धरला जातो. नवं खातं काढलंच असेल तर संपर्काच्या फॉर्ममधून दोन्ही खाती एकत्र करायची विनंती करा. जुन्या पोस्ट आणि त्यांचे गुण एकाच नावावर येतात.