थर्मोस्टॅट दोषी की रेडिएटर?

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीचे इंजिन गर्दीत तापत नाही, मात्र वेगात चालवल्यावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. थर्मोस्टॅट काढूनच टाकावा का?

उत्तर : काढू नये. थर्मोस्टॅट ही इंजिन तापेपर्यंत त्यातील पाणी रेडिएटरकडे (पाणी गार करणाऱ्या जाळीकडे) जाऊ न देणारी झडप आहे; त्याविना इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते आणि इंधन जास्त जळते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर तो तपासणीपुरता काढून, भांड्यातील पाण्यात दोरीने टांगून, तापमापक लावून पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर ८२ अंश कोरलेले असल्यास झडप त्याच सुमारास उघडू लागून उकळी येण्यापूर्वी पूर्ण उघडली पाहिजे. तसे झाल्यास संशय रेडिएटरवर जातो, कारण पंख्याचा दोष सहसा गाडी उभी असतानाच उघड होतो. रेडिएटरमध्ये गाळ साचला आहे का आणि इंजिनाचा वेग वाढवल्यावर त्याची खालची रबरी नळी आत चेपून पाणी अडते का, हे पाहावे. नळीकडे बहुतेकांचे दुर्लक्षच होते.