पोटातला प्रतिध्वनी: सोनोग्राफीविषयी वाचकांचे प्रश्न

सोनोग्राफीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रोब पोटावर फिरवला की पडद्यावर चित्र कसे उमटते? आणि ते गार, चिकट जेल लावलेच पाहिजे का? तेल चालणार नाही? (वाचक, बार्शी)

प्रोब म्हणजे डॉक्टर हातात धरून पोटावर फिरवतात तो भाग. त्याच्या तोंडाशी एका विशिष्ट सिरॅमिकच्या अगदी बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात, बहुधा १२८ किंवा त्याहून जास्त. वीज दिली की पट्टी थरथरते आणि आवाज सोडते. परत आलेला आवाज तिच्यावर आदळला की ती वीज तयार करते. दाब पडल्यावर काही स्फटिक वीज देतात, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले होते. आजचा प्रोब त्याच गुणावर चालतो.

पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात, म्हणजे सेकंदाला २० ते ५० लाख कंपने. माणसाच्या कानाची मजल २० हजारांपर्यंतच. प्रोब दोन-तीन लाटांचा एक ठोका सोडतो आणि गप्प बसून ऐकत राहतो. यंत्राला दोनच गोष्टी कळतात: प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोरात आला. शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो असे ते धरून चालते. त्या हिशेबाने एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद लागतात. वेळेवरून ठिपक्याची जागा ठरते, जोरावरून त्याचा उजळपणा.

१५ सेंटिमीटर खोलवर पाहायचे तर एका रेषेला सुमारे १९५ मायक्रोसेकंद लागतात. २०० रेषांचे चित्र धरले, तर सेकंदाला जेमतेम २५ चित्रे होतात. खोली वाढवली की चित्र अडखळू लागते ते यामुळेच. त्यात यंत्राचा दोष नसतो, आवाज त्याहून लवकर परत येतच नाही.

आता जेल. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी ९९.९ टक्के आवाज तिथूनच मागे फिरतो. जेल त्या हवेची जागा घेते. जेल कमी पडले किंवा केसांत बुडबुडे अडकले, की चित्रात वरपासून खालपर्यंत काळे पट्टे पडतात. तेलातूनही आवाज आत जातो, पण ते ओघळते आणि काही तेलांनी प्रोबच्या तोंडावरचे रबर फुगते. जेल मुळात पाण्यापासून बनवलेले असल्याने पुसायलाही सोपे.

"उपाशीपोटी या" म्हणाले आणि वर "लिटरभर पाणी पिऊन लघवी धरून ठेवा" म्हणाले. मग उपाशी कसले? (वाचक, चिपळूण)

या दोन सूचना दोन वेगळ्या अवयवांसाठी आहेत. खाल्ले की, विशेषतः स्निग्ध काही पोटात गेले की, पित्ताशय आकसते. दुधाचा अर्धा कप चहाही त्याला पुरतो. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत मुळातच जाड दिसते, त्यामुळे सूज आहे की जेवणाचा परिणाम हे कळत नाही. बारीक खडाही घड्यांमध्ये लपतो. म्हणून सहा ते आठ तास काही खायचे नाही. साधे पाणी चालते.

पाणी प्यायचे ते मूत्राशय भरावे म्हणून. गर्भाशय आणि प्रोस्टेट (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) यांच्यापुढे आतड्यांची वेटोळी असतात, आणि त्यांतला वायू आवाजाला भिंतीसारखा अडवतो. भरलेले मूत्राशय ती वेटोळी वर ढकलते, आणि पाण्यातून आवाज जवळजवळ न घटता जातो. तासभर आधी चार-पाच पेले पुरतात. फार तुंबवू नका. मूत्राशय अतिशय ताणले गेले, तर मूत्रपिंडातही लघवी साचलेली दिसू शकते आणि नसलेल्या अडथळ्याची शंका येते. अशा वेळी लघवी करून यायला सांगतात आणि पुन्हा पाहतात. तेवढे थांबाच, ती दुसरी पाहणी मोलाची असते.

मधुमेहींनी वेळ घेतानाच तसे सांगावे आणि सकाळची पहिली वेळ मागावी. त्या दिवशीची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

एका ठिकाणी मुतखडा ६ मिलिमीटरचा, दहा दिवसांनी दुसरीकडे ८ चा. एवढ्यात वाढला का? (वाचक, जालना)

या दोन आकड्यांवरून खडा वाढला असे म्हणता येत नाही. आवाजाचा झोत सुईसारखा नसतो. खोलीच्या दिशेने यंत्र अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक ओळखते, पण आडव्या दिशेने झोत काही मिलिमीटर रुंद असतो. खडा झोताच्या कडेला असला तरी प्रतिध्वनी देतो, आणि यंत्र तो झोताच्या मधोमध मांडते. त्यामुळे लहान खडा आडवा पसरून मोठा दिसतो. गेन, म्हणजे परत आलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते प्रमाण, जास्त ठेवला तर आणखीच. खड्यामागे पडणाऱ्या काळ्या सावलीची रुंदी मोजली, तर आकडा खऱ्याच्या जास्त जवळ येतो.

याहून महत्त्वाचे: खडा मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या) मधल्या भागात असेल, तर समोरच्या आतड्यातल्या वायूमुळे तो सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही. कळ तीव्र आहे, मूत्रपिंड फुगले आहे आणि रिपोर्टमध्ये खडा नाही, तर खडा नाहीच असे धरू नका. तिथे कॉन्ट्रास्टशिवायचा, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता केलेला, सीटी स्कॅन निर्णायक ठरतो.

"ग्रेड १ फॅटी लिव्हर" असा रिपोर्ट आला. हा ग्रेड कशावरून ठरतो? (वाचक, नाशिक)

यंत्र चरबी मोजत नाही, उजळपणा दाखवते. चरबीचे थेंब आवाज विखुरतात, म्हणून यकृत पांढुरके दिसते. पण उजळपणा तर गेनचे बटण फिरवूनही वाढतो. म्हणून एकाच चित्रात, एकाच खोलीवर यकृत आणि उजवे मूत्रपिंड शेजारी धरून तुलना करतात. यकृत मूत्रपिंडाहून उजळ, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा स्पष्ट, तर ग्रेड १. कडा पुसट झाल्या की २. आवाज मागपर्यंत पोहोचेनासा झाला आणि यकृतामागचा श्वासाचा पडदा (डायफ्राम) दिसेनासा झाला की ३.

इथे फसायला बरीच जागा आहे. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर तेच उजळ झालेले असते आणि फॅटी यकृतही साधेच दिसते. चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती बरेचदा सुटते. ग्रेड १ आणि २ यांमध्ये दोन तज्ज्ञांचे मत सहज वेगळे पडते. त्यामुळे सहा महिन्यांत "२ चा १ झाला" यावर फार हुरळू नका आणि "१ चा २ झाला" म्हणून खचूही नका. शिवाय यकृत किती कडक झाले आहे, ते हा ग्रेड सांगत नाही. ती तपासणी वेगळी असते, इलास्टोग्राफी म्हणतात तिला. मधुमेह किंवा लठ्ठपणा असेल, तर ती लागेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रत्येक सोनोग्राफीत प्रसूतीची तारीख बदलते. कोणती धरायची? (वाचक, कोल्हापूर)

पहिल्या तिमाहीतली. त्या काळात बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात. सगळी बाळे तेव्हा जवळपास एकाच गतीने वाढतात, म्हणून चूक पाच ते सात दिवसांपलीकडे सहसा जात नाही. पुढे कुणी बारीक अंगाचे, कुणी थोराड. शेवटच्या तिमाहीत हाच अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. यंत्र मात्र दर वेळी डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून नवी तारीख छापत राहते. ती पाहून पहिली तारीख बदलायची नसते. उलट, पहिल्या तारखेप्रमाणे जितकी वाढ हवी तितकी झाली आहे का, हे त्या मापांवरून पाहायचे असते. तारीखच पुढे ढकलली, तर वाढ खुंटलेले बाळ "वेळेप्रमाणे ठीक" वाटून नजरेतून सुटते.

वजनाचेही तसेच. रिपोर्टमधल्या ३ किलोचा अर्थ साधारण २.५ ते ३.५ किलोच्या दरम्यान असा घ्यावा. पहिल्या तिमाहीतला रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यांत वर लावून ठेवा आणि प्रत्येक भेटीला सोबत न्या.