एस्ते घराण्याच्या वंशावळीत खरं किती आणि रचलेलं किती?

तुम्हाला मिळालेल्या इटलीतल्या एस्ते घराण्याच्या वंशावळीत सगळ्यात वर ग्रीक महाकाव्यातला ट्रॉयचा वीर हेक्टर आहे, आणि तळाशी एका फांदीवर ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया, तर दुसऱ्या फांदीवर सरायेव्होत मारला गेलेला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड. यातलं खरं किती, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात सांगायचं तर हेक्टर खोटा, व्हिक्टोरिया खरी, आणि फ्रान्झ फर्डिनांडचं फक्त नाव एस्ते, वंश वेगळा. तुम्हाला सर्वात जास्त शंका व्हिक्टोरियाची आली आहे, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

आधी हेक्टर. सोळाव्या शतकात फेराराचा एस्ते दरबार वैभवाच्या शिखरावर होता आणि घराण्याला साजेसा मूळपुरुष हवा होता. कार्डिनल इप्पोलितो द'एस्ते याच्या पदरी असलेल्या आरिओस्तो कवीने १५१६ साली छापलेल्या महाकाव्यात हेक्टरचा वंशज रुज्जेरो आणि त्याची ब्रादामान्ते हे एस्ते घराण्याचे पूर्वज ठरवले. पुढे दरबारचा इतिहासकार पिन्या याने मूळ प्राचीन रोममधल्या एका कुळापर्यंत नेलं. आपल्याकडे भाटांनी राजघराणी सूर्यवंशाला किंवा चंद्रवंशाला नेऊन भिडवली, तसाच हा प्रकार. काव्य म्हणून जरूर वाचा, वंशावळीत मात्र घेऊ नका.

कागदोपत्री पहिला माणूस दहाव्या शतकातला आदालबेर्तो. त्याच्याविषयी फारसं काही कळत नाही, पण त्याचा मुलगा ओबेर्तो ठसठशीत दिसतो. ९६०च्या सुमारास इटलीच्या बेरेंगार राजाच्या जाचाला कंटाळून आल्प्स ओलांडून जर्मन राजा ओटोकडे मदत मागायला गेलेल्यांत हा ओबेर्तो होता. ओटो इटलीत आला, ९६२ साली सम्राट झाला, आणि ओबेर्तोला राजवाड्याचा काउंट हे न्यायदानाचं मोठं पद मिळालं. जेनोव्हा, लूनी, तोर्तोना, मिलान या पट्ट्याची सरहद्दीची जहागीर, म्हणजे 'मार्क्विस' हा किताब, त्याच्याकडे होता. त्याच्या नावावरून या सगळ्या कुळाला ओबेर्तेंगी म्हणतात.

तिथून पुढची साखळी बखरींपेक्षा दानपत्रांवर आणि खरेदीखतांवर उभी आहे, आणि मला या विषयाची गोडी लागली ती या खतांमुळेच. अकराव्या शतकातलं एखादं ओबेर्तेंगी खत उघडलं की सुरुवात साधारण अशी असते: मी मार्क्विस आझो, कै. मार्क्विस आझो यांचा मुलगा, जन्माने लोंबार्ड कायद्याने चालणारा. एवढ्या एका ओळीत तीन गोष्टी हाती लागतात. बाप कोण ते कळतं. खत झालं तेव्हा बाप हयात नव्हता हे कळतं, म्हणजे त्याचा मृत्यू कोणत्या सालाआधीचा हे ठरतं. आणि कुळाचा कायदा कळतो. त्या काळी उत्तर इटलीत लोंबार्ड, फ्रँक, रोमन, बव्हेरियन असे अनेक कायदे शेजारी-शेजारी नांदत होते आणि बापाचा तोच मुलाचा असायचा. त्यामुळे दोन सारख्या नावांची माणसं एकाच कुळातली का, हे तपासायला कायद्याचा फार उपयोग होतो. अठराव्या शतकात एस्ते घराण्याचाच ग्रंथपाल असलेल्या मुरातोरीने, जो मोठा इतिहासकार होता, ओबेर्तेंगींचं नातं टस्कनीच्या जुन्या मार्क्विसांशी जोडून पाहिलं. पण ते टस्कनीवाले मूळचे बव्हेरियन, म्हणजे त्यांचा कायदाही वेगळा. म्हणून मी तरी आदालबेर्तोच्या वर रेघ ओढत नाही.

याच लोंबार्ड कायद्यात मुलांना सारखी वाटणी मिळे. त्यामुळे ओबेर्तोच्या वंशजांची मालमत्ता दोन-तीन पिढ्यांत फुटली आणि मालास्पिना, पाल्लाव्हिचिनो आणि एस्ते अशी वेगवेगळी घराणी झाली. इटालियन कवी दांतेने १३०६ साली लुनिजानात ज्या मालास्पिनांकडे आसरा घेतला ते एस्तेंचे दूरचे भाऊबंदच.

आता व्हिक्टोरियाकडे येऊ. एस्ते गावात गढी बांधून राहिलेल्या, ओबेर्तोच्या वंशातल्या आल्बेर्तो आझो दुसरा याने पहिलं लग्न केलं कुनिगुंडेशी. ती दक्षिण जर्मनीतल्या वेल्फ घराण्याची. तिचा भाऊ वेल्फ तिसरा १०५५ साली निपुत्रिक वारला आणि मरताना सगळी मालमत्ता आल्टडॉर्फच्या मठाला देऊन गेला. त्याची आई इमित्सा हिला हे मान्य नव्हतं. लेकीचा मुलगा इटलीत आहे, तोच वारस, असं म्हणून तिने नातवाला बोलावून घेतलं आणि मठाचा दावा बाजूला पडला. एका आजीच्या हट्टाने युरोपचा इतिहास वळला, असं मला खरोखर वाटतं. हा नातू म्हणजे वेल्फ चौथा. १०७० साली तो बव्हेरियाचा ड्यूक झाला आणि क्रूसेडवरून परतताना ११०१ साली सायप्रसमध्ये वारला. नाव आजोळचं, पण पुरुषवंश इटालियन.

याला पुरावा काय? बेर्नोल्ड नावाच्या त्याच काळातल्या जर्मन संन्याशाने १०९७च्या नोंदीत लिहून ठेवलंय की बव्हेरियाच्या ड्यूक वेल्फचा बाप, लोंबार्डीचा मार्क्विस आझो वारला, आणि लोक म्हणतात त्याने शंभरी ओलांडली होती. वयाचा आकडा ऐकीव असेल, नातं मात्र स्पष्ट आहे. शिवाय बाप गेल्यावर वेल्फ आणि त्याचे सावत्र भाऊ हूगो व फोल्को यांच्यात इस्टेटीवरून भांडण पेटलं. हे सावत्र भाऊ आझोच्या दुसऱ्या बायकोचे, गार्सेंदाचे. हा वाद नातवंड-पतवंडांपर्यंत चालला. ११५४ साली वेल्फांचा वंशज हेन्री सिंह याने फोल्कोच्या मुलांचा एस्तेवरचा ताबा आपली जहागीर म्हणून मान्य केला. परक्यांशी कुणी वडिलोपार्जित वाटणीचा वाद घालत नाही. एस्तेचे पुढचे सगळे मार्क्विस आणि ड्यूक या फोल्कोचे वंशज.

तरी पाचशे वर्षांनी हे सगळं पुन्हा शोधावं लागलं, आणि शोधलं कुणी, तर गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ लाइबनिझने! जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या ड्यूकने, जो वेल्फांचाच वंशज होता, १६८५ साली त्याला घराण्याचा इतिहास लिहायचं काम दिलं. ड्यूकला इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या मोजक्या राजांपैकी एक, व्हायचं होतं, त्यामुळे कुळाचं जुनेपण सिद्ध होणं गरजेचं होतं. लाइबनिझ १६८८ साली आउग्सबुर्गच्या मठात वेल्फांच्या जुन्या इतिहासाचं हस्तलिखित वाचून पुढे व्हिएन्नाला गेला आणि तिथून १६८९ साली इटलीला निघाला. मोदेनाच्या दफ्तरखान्यात बसून एस्तेंचे कागद पाहिले आणि १६९०च्या सुरुवातीला वांगादित्सा मठात गेला. तिथे आझो आणि कुनिगुंडे यांच्या समाध्या होत्या. नवरा एस्ते, बायको वेल्फ, आणि दोघांची समाधी एकाच मठात. कागदावर जुळलेली साखळी त्याला तिथे दगडातही मिळाली. ड्यूक १६९२ साली इलेक्टर झाला. इतिहास मात्र पुरा झाला नाही. १७१६ साली लाइबनिझ वारला तेव्हा लिखाण १००५ सालापर्यंतच आलं होतं. एकेक जोड खतांवर तपासल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या माणसाचं असंच होणार, आणि मला त्याबद्दल त्याचा आदरच वाटतो.

हेन्री सिंहाच्या नातवाला १२३५ साली ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गची डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, मिळाली. तिथून हॅनोव्हर, १७१४ साली जॉर्ज पहिला लंडनच्या गादीवर, आणि त्याच पुरुषवंशात व्हिक्टोरिया. तुमच्या तक्त्यातली ती फांदी तशीच ठेवा.

इटलीतल्या फांदीत दोन गोष्टी जपून पाहा. एक, आझोंचे क्रमांक. सुरुवातीचे आझो कोण कसे मोजतो त्यावर ते बदलतात, म्हणून क्रमांकावर न जाता बापाचं नाव आणि मृत्यूचं साल जुळवा. दुसरं, अनौरस मुलं. १२६४ साली फेराराचा धनी झालेला ओबिझ्झो दुसरा अनौरस होता. त्याचा बाप रिनाल्दो सम्राट फ्रेडरिकचा ओलीस असताना दक्षिणेत मेला, तेव्हा आजोबांनी नातवाला पोपकडून औरस ठरवून घेतलं. निक्कोलो तिसऱ्यानंतर आलेले लिओनेल्लो आणि बोर्सोही अनौरसच. हे चालून गेलं, पण १५९७ साली आल्फोन्सो दुसरा निपुत्रिक वारल्यावर पोप क्लेमेंट आठव्याने नेमकं हेच कारण पुढे केलं. वारस चेझारे हा अनौरस शाखेचा, असं म्हणून १५९८ साली फेरारा ताब्यात घेतलं, आणि घराणं मोदेनाला गेलं.

मोदेनाचा शेवटचा एस्ते ड्यूक एर्कोले तिसरा १८०३ साली वारला. त्याची मुलगी मारिया बेआत्रिचे ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकला दिली होती, म्हणून पुढचे ड्यूक ऑस्ट्रिया-एस्ते झाले. त्यांच्यातला शेवटचा फ्रांचेस्को पाचवा १८७५ साली निपुत्रिक गेला आणि एस्ते नाव लावण्याच्या अटीवर त्याने इस्टेट हॅब्सबुर्ग घराण्यातल्या फ्रान्झ फर्डिनांडला दिली. तक्त्यात त्याला एर्कोलेखाली वंशजाच्या रेघेने जोडलं असेल तर ती रेघ खोडा आणि शेजारी 'मृत्युपत्राने' असं लिहा.