वाचक विचारतात : मंगलाष्टका सुरू झाल्या, की माइक का तुटतो?

प्रश्न : माझा साउंडचा व्यवसाय आहे. मंगल कार्यालयात दुपारी तपासला, की २.४ गिगाहर्ट्झचा कॉर्डलेस माइक शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत चालतो. संध्याकाळी मंगलाष्टका सुरू झाल्या, की गुरुजींचा आवाज तुटायला लागतो. सेल नवे घातले, माइकही बदलून पाहिला. (एक वाचक, चोपडा)

उत्तर : माइकचा दोष नाही, मध्ये वऱ्हाड उभं आहे. मंगलाष्टकांना सगळे खुर्च्यांवरून उठतात, अक्षता टाकायला पुढे सरकतात. माइकची लहर पकडणारा रिसीव्हर मागे मिक्सरच्या टेबलावर असेल, तर तो जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर, म्हणजे लोकांच्या कमरेखाली जातो.

माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असतं, तेही खारट. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीमागे पाण्याचे रेणू सेकंदाला २४० कोटी वेळा इकडून तिकडे वळू पाहतात, क्षारांचे आयन हलतात, आणि या ओढाताणीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. काही भाग अंगावरूनच परततो. वळसा घालून जावं, तर लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर आणि माणसाचे खांदे त्याच्या तिप्पट रुंद. एक माणूस आडवा आला, की १० डेसिबलच्या आसपास घट होऊ शकते, म्हणजे दहावा हिस्सा उरतो. २० डेसिबलची घट झाली, तर शंभरावा.

दुसरा संशयित म्हणजे खिशांतले शेकडो फोन. त्यांचं वायफाय-ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतं. कोण जबाबदार, ते ओळखणं सोपं आहे : आवाज तुटत असताना रिसीव्हर उचलून डोक्यांच्या वर धरा. सिग्नलचे दिवे एकदम वाढले आणि आवाज सुधारला, तर माणसांचा अडथळा. दिवे आधीपासून पूर्ण असून आवाज तुटत असेल, तर फोनची गर्दी. मग चॅनल बदला किंवा ५००-६०० मेगाहर्ट्झचा सेट वापरा. त्याची लहर अर्धा मीटर लांब असते, माणसांना वळसा घालायला ती बरी.

अडथळा माणसांचाच निघाला, तर रिसीव्हर स्टेजच्या कडेला स्टँडवर आठ फूट उंचीवर बांधा आणि तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर (माइकची नेहमीची तीन पिनांची) केबल ओढा. तीस-चाळीस मीटरनं आवाजाला काही होत नाही. अनेक जण उलटं करतात : रिसीव्हर मिक्सरपाशीच ठेवून अँटेनाची केबल लांबवतात. साधी आरजी-५८ केबल या पट्ट्यात मीटरला सुमारे १ डेसिबल खाते. दहा मीटर ओढली, की दहातले नऊ भाग वाटेतच संपले.

हातातल्या माइकची अँटेना बहुतेक वेळा दांड्याच्या तळाशी असते, आणि हौशी वक्ते नेमका तळच मुठीत धरतात. त्यांना माइक मधोमध धरायला सांगा. गुरुजींना कॉलर माइक असेल, तर कमरेचा पॅक (लहर पाठवणारी डबी) रिसीव्हरकडच्या बाजूला लावा आणि अँटेना घामेजल्या अंगाला चिकटू देऊ नका.

प्रश्न : ५जीच्या २६ गिगाहर्ट्झला म्हणे हातसुद्धा अडवतो. मग सरकारनं तो पट्टा विकला कशाला? (विद्यार्थी, धुळे)

उत्तर : जागेसाठी. २०२२ च्या लिलावात ३३००-३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा होता, एकूण रुंदी ३७० मेगाहर्ट्झ. २६ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झ, रुंदी ३२५० मेगाहर्ट्झ. इतका रुंद रस्ता खाली कुठेच नाही. पण इथे लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटरची. कातडीत मिलिमीटरभर शिरते न शिरते तोच विरते, आणि अंगाला वळसा तर जवळजवळ घालतच नाही. त्यामुळे माणसामागे २० डेसिबल किंवा त्याहून जास्त अंधार पडतो. म्हणून अशा फोनमध्ये दोन-तीन कडांवर वेगवेगळ्या अँटेना असतात, टॉवर आपला झोत भिंतीवरून परतवून पाहतो, आणि काहीच जमलं नाही तर फोन खालच्या पट्ट्यावर उतरतो. छपरावरच्या स्थिर रिसीव्हरला हा त्रास नाही. तिथे कोणी आडवं उभं राहत नाही.

प्रश्न : घर ते विहीर २०० मीटर. केळीच्या मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची) लागवड केली तेव्हा दोन्हीकडे डिश बसवून ५.८ गिगाहर्ट्झची बिनतारी लिंक लावली आणि विहिरीवर कॅमेरा बसवला. आता केळी वाढली तशी लिंक सारखी तुटते. (शेतकरी, सावदा)

उत्तर : केळीचं खोड म्हणजे उभं पाणीच; वऱ्हाडापेक्षा वाईट, कारण ते बाजूला सरकत नाही. डिश एकमेकींना दिसतात एवढं पुरत नाही. लहरीला दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर अशी मोकळी जागा लागते. २०० मीटरवर तिची मधली त्रिज्या १.६ मीटर येते, आणि त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे एक मीटर, मोकळी हवी. वाऱ्यात लिंकचा वेग खाली-वर होत असेल आणि पावसानंतर आणखी घसरत असेल, तर पानं या जागेत शिरली आहेत असं समजा. दोन्ही डिश पानांच्या शेंड्यांपेक्षा निदान मीटरभर वर घ्या, डिशच्या पाईपला तीन बाजूंनी तारांचे ताण द्या. उंची आजच्या झाडांची मोजू नका, निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळची धरा.