नदी नसलेल्या बेटावर वाळू येते कुठून?

लक्षद्वीपमध्ये एकही नदी नाही, मग तिथली पांढरी वाळू येते कुठून आणि ती टिकवण्यासाठी धूपप्रतिबंधक बंधारा पुरेसा आहे का, असा प्रश्न आहे. बंधाऱ्यावरून एका वरिष्ठ अभियंत्यांशी झालेला माझा वाद इतक्या वर्षांनीही मिटलेला नाही, म्हणून हे उत्तर.

भूशास्त्राची पदवी घेऊन मी तिथल्या एका बेटावर किनारा मोजण्याच्या कामाला गेले. तोवर वाळू म्हटली की इल्मेनाइट या खनिजाची काळी झाक असलेली रत्नागिरीची वाळूच मला ठाऊक होती. इथली मूठभर वाळू भिंगाखाली धरली, तर गारगोटीचा एक कण सापडेना. पोह्यासारखे चपटे तुकडे हॅलिमेडा या शेवाळाचे होते, मोहरीएवढे गोल दाणे फोरामिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची कवचे होती आणि उरलेला बहुतेक भाग प्रवाळांचा चुरा होता. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच सगळे फसफसले आणि बशीत जवळजवळ काहीच उरले नाही. प्रवाळांचा बराचसा चुरा पॅरटफिश हा मासा करतो. मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडताना तो खालचा चुनाही खातो, घशातल्या दातांनी दळतो आणि वाळू करून बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाळू या माशांची असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच्या कितीतरी आधी मी माशांचा मुद्दा मांडला, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "मॅडम, माशाच्या विष्ठेच्या भरवशावर आपण धक्का बांधायचा का?"

कंकणाकृती प्रवाळद्वीपात वाळू एका जागी बसून राहत नाही. लक्षद्वीपची बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्व बाजूला आहेत आणि पश्चिमेला लगून, म्हणजे प्रवाळांच्या भिंतीने (भित्तिकेने) अडवलेले उथळ पाणी, आहे (पाठ्यपुस्तके त्याला खाजण म्हणतात, पण आम्हा कोकणातल्यांना खाजण म्हटले की खारजमीनच दिसते). नैर्ऋत्य मोसमी लाटा पश्चिमेच्या भित्तिकेवर फुटतात, जाडी खडी तिथेच टाकतात आणि वाळू आत लोटतात. बारीक चुनखडी गाळ लगूनच्या शांत पाण्यात बसतो, तर भरून आलेले पाणी भित्तिकेतल्या खिंडींतून परत जाताना थोडी वाळू बाहेर नेते. बाहेर उतार थेट हजारो फूट खोल असल्याने तिकडे गेलेली वाळू कायमची गेली.

एप्रिलमध्ये मी लगूनकडच्या पुळणीवर लोखंडी सळ्या ठोकल्या होत्या. सप्टेंबरअखेरीस मधल्या सळ्या हातभर उघड्या पडल्या होत्या आणि उत्तर टोकाच्या पार गाडल्या गेल्या होत्या. जानेवारीत वाळू बरीचशी परत मधोमध आली. मी हेच सांगत होते, की मोसमाबरोबर वाळू बेटाभोवती फिरते आणि वाटेत भिंत घालणे म्हणजे तिला अडवणे. साहेबांनी सप्टेंबरचा किनारा पाहून धूप ठरवली आणि बंधारा घातला. दोन वर्षांनी गेले, तर बंधाऱ्यावर आपटून परतणाऱ्या लाटांनी त्याच्या पायथ्याची वाळू खरवडून नेली होती आणि बंधारा संपतो तिथल्या माडांची मुळे उघडी पडली होती. "यंदा पाऊस जास्त झाला," हे त्यांचे स्पष्टीकरण.

म्हणून माझे मत असे, की बंधाऱ्याआधी पॅरटफिशची मासेमारी आवरा आणि बोटींच्या वाटेतून उपसलेली वाळू भित्तिकेबाहेर न टाकता पुळणीवर परत आणा. अर्थात धक्का किंवा दवाखाना अगदी काठावर असेल, तर टेट्रापॉडला, म्हणजे लाटा अडवणाऱ्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना, पर्याय नसतो, हे मलाही मान्य आहे. शिवाय 85 टक्क्यांचा आकडा वक्कारूचा आहे, तो लक्षद्वीपला जसाच्या तसा लावू नये. शिवाय सगळीच धूप मोसमी नसते. बंगाराम प्रवाळद्वीपातले पराली-1 हे निर्जन बेट पूर्ण झिजून नाहीसे झाले आहे. फरक ओळखायचा, तर वर्षातून किमान दोनदा मोजावे लागते, आणि साहेबांच्या अहवालात माझे जानेवारीचे मोजमाप आजही नाही.