राणी छाप रुपयांवर मुलीच्या फीचे गणित बांधू नका

प्रश्न: आजोबांच्या पेटीत ब्रिटिश काळातले ६० रुपये निघाले. राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, १२ (त्यात १८६२चे ५), १९११चा १, पंचम जॉर्जचे १९१२ ते १९२० मधले ४०, १९४० ते ४५ मधले ६ आणि १९४७चा १. १८६२च्या एका रुपयाचे १० लाख मिळतात असा व्हिडिओ पाहिला. जाहिरात टाकताच एका ग्राहकाचा फोन आला. सौदा पक्का करायला तो २,५०० रुपये नोंदणी शुल्क मागतोय. दोन वर्षांनी मुलीची ५ लाख फी भरायची आहे, त्यासाठी महिन्याला १२,००० साठवतो. ही बचत थांबवून नाणी विकून फी भरू का?

उत्तर: बचत थांबवू नका आणि ते २,५०० रुपये भरू नका. नाणी विकायला हरकत नाही, पण सावकाश आणि दोन ढीग करून दोन वेगळ्या वाटांनी: साधी नाणी चांदीच्या भावाने सराफाला, चांगली नाणी संग्राहकांना.

आधी त्या फोनचे बघू. विकणाऱ्याकडून शुल्क, कमिशन किंवा कर आगाऊ मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतोच. जुन्या नाण्या-नोटांच्या ऑनलाइन व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे पैसे उकळले जातात. आपण या व्यवहारांत नाही आणि कोणाकडून शुल्क घेत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही पक्के लक्षात ठेवा.

आता १८६२. त्या रुपयावर १८६२ हे साल गोठवलेले होते. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर तेच साल येत राहिले, म्हणून ही नाणी अमाप आहेत. टिंबांच्या संख्येवरून त्यांचे प्रकार पडतात आणि काही प्रकारांना संग्राहक जास्त देतात, पण साध्या, झिजलेल्या नाण्याला चांदीच्या थोडे वर मिळाले तरी पुष्कळ. १९११चा रुपया खरोखर वेगळा आहे: राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी नक्षी सुधारली. त्याला मागणी असते, मात्र तो दुर्मीळ नाही. संग्राहक ज्याच्या शोधात असतात तो १९३९चा रुपया तुमच्या यादीत नाही.

मग पेटीची किंमत किती? तळाचा आकडा चांदी ठरवते. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. तुमच्याकडे असे ५३ आहेत. १९४० ते ४५च्या रुपयात निम्मीच चांदी, ५.८३ ग्रॅम. १९४७चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो, त्यात चांदी शून्य. बेरीज सुमारे ६०० ग्रॅम, झीज धरून ५९०. आजच्या ग्रॅमच्या भावाने गुणा. समजा भाव १०० रुपये असेल तर ५९,००० होतात. त्यातून सराफ वितळवणीची घट कापेल. फीच्या नियोजनात एवढाच आकडा धरा, वर मिळेल तो नफा. तुमचे १२,००० मात्र २४ महिन्यांत २,८८,००० होतात, आणि ते कोणा ग्राहकाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत.

विकण्यापूर्वी प्रत्येक नाणे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. झिजून ११.४ भरले तर चालते. ११ च्या खाली गेले तर संशय घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडा, तळाला टेकू न देता. १९३९ पर्यंतच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. त्याला १.३ दाखवला तर नाणे जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण धातूत नाही) किंवा पितळेचे असण्याची शक्यता मोठी. कडेवर जोड दिसला तर ते साच्यात ओतलेले आहे.

आणि कृपा करून नाणी घासू नका. चिंच, पीतांबरी, टूथपेस्ट, काहीही नको. काळपटपणा गेला की बारीक ओरखडे उरतात, आणि संग्राहक भिंगातून तेच आधी पाहतो. घरातली सर्वाधिक किंमत अशी एका दुपारी धुतली जाते. माळेसाठी कडी लावलेले, डाख देऊन जोडकाम केलेले किंवा भोक पाडलेले नाणे थेट चांदीच्या ढिगात टाका.

दुसऱ्या ढिगात १९११चा, ठसा स्वच्छ असलेले राणी छाप आणि जवळजवळ न वापरलेले जॉर्ज ठेवा. जाहिरातीत मागितलेली किंमत पाहून भाव ठरवू नका, ती कोणीही लिहू शकतो. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे निकाल असतात. तेच साल, तीच टांकसाळ (मुंबईच्या नाण्यांवर बहुधा टिंब किंवा ‘बी’ची खूण असते, कोलकात्याच्या नसते) आणि तशीच झीज असलेली किमान तीन नाणी किती‌ला गेली ते पाहा. खरेदीदाराने भरलेल्या रकमेत लिलावगृहाचे शुल्क असते आणि तुमच्याकडूनही कमिशन कापले जाते, म्हणून हातात पडणारी रक्कम आधीच लेखी विचारा.

स्वतः ऑनलाइन विकणार असाल तर दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजू, कड आणि काट्यावरचे वजन यांचे फोटो द्या. दोष लपवला तर नाणे परत येते. रक्कम बँकेच्या खात्यात जमा झालेली स्वतः पाहिल्यावरच पार्सल पाठवा, स्क्रीनशॉटवर नाही. अनेक कुरियर चांदी स्वीकारत नाहीत. न सांगता पाठवली आणि हरवली तर भरपाई बुडते. विमा उतरवून पाठवा आणि बांधणीचे चित्रीकरण ठेवा. एकाच व्यक्तीकडून २ लाख किंवा अधिक रोख घेणे बेकायदा आहे.

परदेशी ग्राहकाला नकार द्या. १०० वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमच्यातली निदान ५३ नाणी त्यात बसतात.

करही धरा. आजोबांनी नाणी बाळगल्याचा काळ तुमच्याच खात्यात मोजला जातो, त्यामुळे हा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. दर १२.५ टक्के, वर उपकर. खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य घेता येते. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या, पण रक्कम मोठी असेल तरच, नाहीतर त्याची फीच जास्त होईल.

भावंडे किंवा चुलत वारस असतील तर विक्रीआधी त्यांची लेखी संमती घ्या. चांदीच्या ढिगासाठी दोन-तीन सराफांकडून त्याच दिवशीचा भाव काढा, आणि मिळालेली रक्कम फीच्या तारखेपर्यंतच्या मुदत ठेवीत टाका. इतक्या जवळच्या खर्चासाठी शेअर बाजार नको. लिलावाकडे पाठवलेली नाणी विकायला आणि पैसे यायला काही महिने लागतील, ती रक्कम आली की तीही त्याच तारखेपर्यंतच्या ठेवीत टाका.